जुनी छोटी कार दान करण्यापूर्वी: वजावट, संस्थेची निवड आणि कागदपत्रे

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका दांपत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे २००७ सालची होंडा सिव्हिक आहे. ती १,८०,००० मैल धावली आहे, एसी बंद पडला आहे, मागच्या चाकाच्या वर गंज धरला आहे. पण गाडी रोज सुरू होते आणि चालते. नवी गाडी घेताना डीलरने ट्रेड-इनमध्ये तिचे ७०० डॉलर देऊ केले. जुन्या गाड्यांच्या किमती दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मात्र तिच्यापुढे २,४०० डॉलर असा आकडा दिसतो. तेव्हा ७०० डॉलर घेण्यापेक्षा गाडी एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यावी आणि २,४०० डॉलरची करवजावट घ्यावी, असा त्यांचा विचार आहे. हा हिशेब बरोबर आहे का, संस्था कशी निवडावी आणि कागदपत्रे कोणती लागतात, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे अमेरिकेत लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देण्याचे काम करीत आहे आणि दर फेब्रुवारीत हा प्रश्न घेऊन येणारी माणसे मला भेटतात; फरक एवढाच की त्यांची गाडी तोवर डिसेंबरातच टो ट्रकवर चढून गेलेली असते. तुम्ही आधी विचारले हे बरे झाले. या व्यवहारात वजावटीचा आकडा, म्हणजे करपात्र उत्पन्नातून किती रक्कम वगळायची तो, गाडी आपल्या दारातून गेल्यानंतर ठरतो, आणि संस्था त्या गाडीचे पुढे काय करते यावर तो ठरतो. संकेतस्थळावरच्या २,४०० डॉलरचा त्याच्याशी बहुतेक वेळा काहीही संबंध उरत नाही.

पूर्वी असे नव्हते. २००४ सालापर्यंत गाडी देणाऱ्याने तिची बाजारातील किंमत स्वतःच ठरवावी आणि तेवढी वजावट मागावी, अशी रीत होती. साहजिकच लोक किमतींच्या यादीतला सर्वांत वरचा, म्हणजे उत्तम अवस्थेतील गाडीचा, आकडा उचलीत. अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओ या संस्थेने २००३ मध्ये या प्रकाराची तपासणी केली, तेव्हा २००० या करवर्षात सुमारे ७,३३,००० विवरणपत्रांत वाहनदानाची वजावट घेतली गेल्याचा आणि त्यापायी सुमारे ६५.४ कोटी डॉलरचा कर कमी झाल्याचा अंदाज पुढे आला. नमुन्यादाखल तपासलेल्या गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्यांच्या बाबतीत संस्थेच्या हाती पडलेली रक्कम ही दात्याने सांगितलेल्या किमतीचा अगदी लहानसा अंश होती. त्यानंतर २००४ च्या अमेरिकन जॉब्स क्रिएशन अॅक्टने नियम बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून तो लागू झाला. वजावट ५०० डॉलरपेक्षा जास्त मागायची असेल आणि संस्थेने गाडी तशीच विकून टाकली असेल, तर संस्थेला विक्रीतून जी एकूण रक्कम मिळाली तीच तुमच्या वजावटीची कमाल मर्यादा.

आता तुमची सिव्हिक या नियमात घालून पाहू. मोठ्या संस्थांकडे आलेल्या बहुतेक गाड्या थेट लिलावात जातात. एसी नसलेली, गंजलेली, जवळपास वीस वर्षे जुनी गाडी लिलावात साधारण भंगाराच्या भावाच्या थोडी वर जाते. समजा ती ९०० डॉलरला गेली. मग वजावट ९०० डॉलर. टो ट्रकचा आणि लिलावाचा खर्च त्यातून वजा होत नाही, कारण नियम एकूण रकमेचा आहे, संस्थेच्या हाती उरलेल्या रकमेचा नाही. ती ३०० डॉलरलाच गेली, तर मात्र एक सवलत आहे. विक्रीची रक्कम ५०० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर दान दिल्या दिवशीची गाडीची रास्त बाजार किंमत किंवा ५०० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढी वजावट घेता येते. चालू स्थितीतील सिव्हिकची रास्त किंमत ५०० च्या खाली दाखवणे कठीण आहे, म्हणून विक्री ३०० ला झाली तरी तुम्हाला ५०० घेता येतील. म्हणूनच जुन्या छोट्या गाडीच्या दात्याला मी सुरुवातीलाच सांगतो, की मनात ५०० हा आकडा धरा; त्यापेक्षा जास्त आले तर चांगलेच.

रास्त किमतीबद्दल आणखी एक खुलासा. किमतीच्या याद्यांमध्ये एकाच गाडीचे तीन-चार भाव असतात: डीलर ग्राहकाला विकेल तो, डीलर आपल्याकडून घेईल तो आणि एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकली तर येईल तो. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे केंद्रीय करखाते, दानाच्या संदर्भात डीलरचा किरकोळ विक्रीचा भाव मान्य करीत नाही. खासगी विक्रीचा भाव ही वरची मर्यादा. तोही गाडीच्या खऱ्या अवस्थेनुसार, खऱ्या मैलांनुसार. ज्या गाडीचा एसी थंड हवा देत नाही तिच्यापुढे अवस्था चांगली असल्याची खूण करणे म्हणजे स्वतःचीच समजूत काढणे होय. तुमच्या गाडीचा २,४०० चा आकडा अशाच खुणेतून आलेला दिसतो. प्रामाणिकपणे भरला तर तो १,६०० ते १,८०० च्या आसपास येईल असे मला वाटते.

विक्रीच्या रकमेचा नियम तीन प्रसंगी लागू होत नाही, आणि तुमच्या गाडीसारख्या गाड्यांना यातला तिसरा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. पहिला म्हणजे संस्थेने गाडी विकण्यापूर्वी स्वतःच्या कामासाठी भरीव वापरली तर. गरजूंच्या घरी रोज जेवणाचे डबे पोहोचवण्यासाठी वर्षभर गाडी वापरणे हा भरीव वापर. दोन-चार फेऱ्या मारणे हा नव्हे. दुसरा म्हणजे संस्थेने गाडीत अशी मोठी दुरुस्ती केली, की तिची किंमत लक्षणीय वाढली. धुणे-पुसणे, किरकोळ दुरुस्त्या, नेहमीची देखभाल, रंग देणे आणि पोचे काढणे यांत बसत नाही. तिसरा प्रसंग असा, की संस्थेने गाडी एखाद्या गरजू व्यक्तीला फुकट किंवा बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त दिली, आणि गरजूंना वाहन मिळवून देणे हेच त्या संस्थेच्या धर्मादाय उद्दिष्टात बसते. या तीनही प्रसंगी तुम्हाला पूर्ण रास्त बाजार किमतीची वजावट मिळू शकते, मात्र संस्थेने तसे लेखी प्रमाणित करून द्यावे लागते.

तिसऱ्या प्रकारचे काम करणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत. व्हर्माँटमध्ये १९९६ मध्ये सुरू झालेले गुड न्यूज गॅरेज आणि मेरीलँडमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेले व्हेइकल्स फॉर चेंज ही त्यांतली जुनी नावे. दान आलेली गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये तपासली आणि दुरुस्त केली जाते आणि ज्यांना कामावर जायला बस नाही, मुलांना पाळणाघरात सोडून वेळेवर पाळी गाठायची आहे, अशा कुटुंबाला ती मिळते. अशा संस्थांना सिव्हिक, कोरोला, सेंट्रा, एलांट्रा यांसारख्या छोट्या गाड्या उपयोगी पडतात. पेट्रोल कमी लागते, सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात आणि विम्याचा हप्ता त्या कुटुंबाला झेपतो. दहा मैलांना एक गॅलन पिणारी मोठी एसयूव्ही हातात दिली, तर ज्याला मदत करायची त्याच्यावर ओझेच टाकल्यासारखे होते. पण इथे एक अडचण आहे. सगळ्या आलेल्या गाड्या या संस्था कुटुंबांना देत नाहीत. ज्या दुरुस्तीला परवडत नाहीत त्या त्याही लिलावातच पाठवतात. १,८०,००० मैल आणि चाकावरचा गंज पाहता तुमची गाडी कुठल्या रांगेत जाईल, हे गाडी देण्यापूर्वी फोन करून विचारावे, आणि प्रश्न नेमका विचारावा: “या वर्षाची, एवढ्या मैलांची, या दोषांची गाडी तुम्ही कुटुंबाला देता की विकता?” उत्तर देताना समोरचा माणूस घुटमळला, तर ती विकली जाणार असे समजून चाला.

कम्युनिटी कॉलेजांतील ऑटो विभाग हाही एक पर्याय आहे. विद्यार्थ्यांना इंजिन उघडून पाहायला अशाच गाड्या लागतात. मात्र वजावटीचा आकडा इथेही गाडीचा किती आणि कसा वापर झाला यावरच ठरतो, म्हणून तोच प्रश्न त्यांनाही विचारावा.

आता कराच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण बहुतेकांची निराशा इथे होते. गाडीच्या दानाची वजावट शेड्यूल ए वर, म्हणजे खर्च एकेक करून मांडणाऱ्यांनाच मिळते. जे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न मांडता मिळणारी सरसकट ठरावीक वजावट, घेतात त्यांना गाडीच्या दानाबद्दल कराच्या दृष्टीने एक सेंटही मिळत नाही. २०२६ या करवर्षासाठी एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पतिपत्नींचे स्टँडर्ड डिडक्शन ३२,२०० डॉलर आहे. गृहकर्जाचे व्याज, राज्याचे कर आणि दानधर्म मिळून तुमची बेरीज याच्या वर जात नसेल, तर संस्थेला गाडी ९०० ला विकता आली काय किंवा २,४०० ला, तुमच्या करात फरक पडणार नाही. २०१८ मध्ये स्टँडर्ड डिडक्शन जवळजवळ दुप्पट झाले आणि राज्याच्या आणि स्थानिक करांच्या वजावटीवर १०,००० डॉलरची मर्यादा आली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांची अवस्था हीच होती. २०२५ पासून ती मर्यादा ४०,००० डॉलरवर गेली आहे आणि २०२६ साठी ती ४०,४०० आहे, त्यामुळे न्यू जर्सीत स्वतःचे घर असलेले आणि मालमत्ता कराचे भले मोठे बिल भरणारे बरेच लोक पुन्हा शेड्यूल ए कडे वळले आहेत. तुम्ही यांत बसता का, हे आधी मागच्या वर्षीच्या विवरणपत्रावर पाहावे. न्यू जर्सी राज्याच्या आयकरात अशा दानाची वजावटच नाही. तिकडून कसलीही अपेक्षा धरू नये.

शेड्यूल ए भरणाऱ्यांसाठी २०२६ पासून आणखी एक नवी गोष्ट आली आहे. वर्षभराच्या एकूण दानापैकी तुमच्या समायोजित उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकी पहिली रक्कम वजावटीतून वगळली जाते. तुमचे उत्पन्न १,६०,००० डॉलर धरले तर पहिले ८०० डॉलर वगळले जातील. वर्षभरात तुम्ही दुसरे काहीच दान केले नसेल आणि गाडी ९०० डॉलरला विकली गेली असेल, तर प्रत्यक्ष वजावट १०० डॉलर आणि २२ टक्क्यांच्या टप्प्यात वाचलेला कर २२ डॉलर! देवळाला, शाळेला किंवा मंडळाला तुम्ही आधीच ८०० डॉलरहून जास्त दिले असतील, तर मात्र गाडीचे ९०० पूर्ण धरले जातील आणि १९८ डॉलर वाचतील.

याच वर्षापासून आलेला दुसरा बदल याच्या उलट दिशेचा आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरेचसे फिरते. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही आता दानाची वेगळी वजावट मिळते, एकट्याला १,००० आणि पतिपत्नींना एकत्र २,००० डॉलरपर्यंत. पण ती फक्त रोख रकमेच्या दानाला, म्हणजे चेक, कार्ड वगैरेने दिलेल्या पैशाला. वस्तूला नाही, म्हणजे गाडीलाही नाही. तेव्हा तीच सिव्हिक तुम्ही स्वतः १,६०० डॉलरला विकली आणि ते १,६०० डॉलर तुमच्या आवडीच्या संस्थेला चेकने दिले, तर संस्थेला लिलावाची कापाकापी न होता पूर्ण १,६०० मिळतात आणि तुम्ही शेड्यूल ए भरत नसलात तरी २२ टक्क्यांनी ३५२ डॉलरचा कर वाचतो. गाडी विकल्याचा नफा करपात्र होईल का, अशी शंका काहींना येते. तुम्ही ती घेतली त्यापेक्षा कमी किमतीला विकणार असल्यामुळे नफा होतच नाही. तोटा झाला म्हणून तो वजा करता येत नाही, एवढेच. गाडी धंद्यात वापरून तिच्यावर घसारा घेतला असेल, तर हिशेब निराळा होतो. तो आधी आपल्या करसल्लागाराला दाखवावा.

ट्रेड-इनचे ७०० डॉलरही थोडे कमी लेखले जातात. न्यू जर्सीत नव्या गाडीवरचा ६.६२५ टक्के विक्रीकर ट्रेड-इनची रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे ७०० डॉलरवर सुमारे ४६ डॉलरचा कर वाचतो. त्या ७०० चे प्रत्यक्षात ७४६ होतात.

इथे स्वतः विकण्याच्या कटकटीबद्दल बोलले पाहिजे, कारण दान करावेसे वाटण्यामागे परोपकाराइतकेच हेही कारण असते. जाहिरात टाकायची, “सर्वांत कमी किती घ्याल?” असे एवढेच विचारणाऱ्यांना उत्तरे द्यायची, शनिवारी सकाळी कोणी येईल म्हणून घरी थांबायचे आणि तो आलाच नाही म्हणून चिडायचे. ज्यांना हे नको असेल त्यांनी दान खुशाल करावे. गाडी एका फोनवर घरून नेली जाते आणि ती बंद असली तरी चालते. फक्त त्या सोयीची किंमत संस्थेला मिळणाऱ्या रकमेतून जाते, एवढे ध्यानात असू द्यावे.

व्हिसावर आलेल्या मंडळींसाठी एक वेगळी टीप देतो, कारण भारतात परत जाताना गाडीचे काय करायचे हा प्रश्न त्यांना हमखास पडतो. करासाठी अनिवासी ठरणाऱ्यांना, म्हणजे १०४०-एनआर भरणाऱ्यांना, सहसा स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही; त्यांना अमेरिकी संस्थेला दिलेल्या दानाची वजावट मात्र घेता येते. त्यामुळे गाडी देण्याचा कराच्या दृष्टीने थोडा का होईना उपयोग होतो तो अनेकदा अशाच माणसाला. भारतातून आलेले विद्यार्थी यांत अपवाद आहेत. भारत-अमेरिका कर करारातील कलम २१ नुसार त्यांना अनिवासी असतानाही स्टँडर्ड डिडक्शन घेता येते आणि ते घेतले की गाडीच्या दानाचा प्रश्नच उरत नाही. आणि दान अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेलाच हवे. पुण्यातल्या किंवा मिरजेतल्या ट्रस्टला इथून गाडीचे पैसे पाठवले, तर इथल्या विवरणपत्रात त्याची वजावट नाही. त्याच ट्रस्टची अमेरिकेत नोंदलेली शाखा असेल तर तिला दिलेले चालते.

संस्था खरी आहे का, हे पाहायला आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध घेण्याची सोय आहे. संस्थेचा नऊ अंकी ईआयएन, म्हणजे करखात्याने दिलेला ओळख क्रमांक, मागून घ्यावा आणि तो तिथे घालून पाहावा. नुसत्या नावावर जाऊ नये, कारण प्रसिद्ध संस्थेच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. देवळे आणि चर्चेस यादीत नसली तरी पात्र असू शकतात. पण संस्था खरी असणे आणि तुमच्या गाडीतून तिला भरघोस पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेडिओवर किंवा रस्त्यावरच्या फलकावर जो फोन नंबर दिसतो तो अनेकदा संस्थेचा नसतोच. तो गाड्या गोळा करून विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा असतो आणि संस्था तिच्याकडून टक्केवारी किंवा गाडीमागे ठरावीक रक्कम घेते. हे बेकायदा नाही आणि लहान संस्थेला स्वतः टो ट्रक ठेवणे परवडत नाही हेही खरे. पण विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. गाडी कोण विकते, विक्रीच्या रकमेतला किती भाग संस्थेकडे जातो आणि तो कुठल्या कामाला लागतो, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे जी संस्था देत नाही, तिला गाडी देऊ नये, असे माझे स्वच्छ मत आहे.

आता कागदपत्रे. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे टायटल, अर्थात गाडीच्या मालकीचा दाखला, आणि सगळ्यात जास्त चुका याच कागदावर होतात. टायटलवर तुम्हा दोघांची नावे असतील तर दोघांच्या सह्या लागतील. एकजण त्या वेळी भारतात असेल तर आधीच तजवीज करावी. जुन्या कर्जाचा बोजा टायटलवर अजून दिसत असेल, तर कर्ज फिटून दहा वर्षे झाली असली तरी बँकेचे मोकळीकपत्र मिळवावे लागते, आणि याला कधीकधी आठवडे लागतात. खरेदीदाराच्या जागी संस्थेचे नाव लिहावे, ती जागा कोरी ठेवून सही कधीही करू नये. माझ्या एका अशीलाने घाईत कोरी सही करून दिली. टो ट्रकवाल्याने गाडी नेली, ती हातोहात विकली गेली, पण टायटल बदलण्याची तसदी कोणीच घेतली नाही. आणि पुढचे पाच महिने दुसऱ्या राज्यातल्या एका शहराच्या पार्किंगच्या नोटिसा या गृहस्थांच्या पत्त्यावर येत राहिल्या. गाडीवरची नंबरची पाटी त्यांचीच होती, कारण तीही काढलेली नव्हती. शेवटी ती प्रकरणे मिटली ती केवळ त्यांच्या मुलीने टो ट्रकवर चढलेल्या गाडीचा एक फोटो काढला होता आणि त्यावर तारीख होती म्हणून.

म्हणून न्यू जर्सीत गाडी देताना पाट्या काढून घ्याव्यात, त्या मोटार व्हेइकल कमिशनकडे परत कराव्यात किंवा नव्या गाडीवर चढवून घ्याव्यात, आणि परत केल्यास पावती मिळाल्यावरच विमा बंद करावा. हा क्रम उलटा करू नये. राज्याराज्यांत हे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात पाटी गाडीबरोबर जाते, पण मालकाने पाच दिवसांच्या आत गाडी हस्तांतरित केल्याची सूचना डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्याला, द्यावी लागते. ओडोमीटरचा आकडा लिहून देण्याची केंद्रीय अट २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना आता नाही, म्हणून तुमच्या सिव्हिकला ती लागू होणार नाही; तरीही राज्याच्या कागदावर आकड्याची जागा असेल तर ती भरावी. गाडी जाण्यापूर्वी टोलचा टॅग काचेवरून काढावा, गॅरेजचे रिमोट आणि नाव-पत्ता असलेले जुने विम्याचे कागद ग्लोव्ह बॉक्समधून बाहेर काढावेत.

वजावटीसाठी लागणारा कागद म्हणजे फॉर्म १०९८-सी, अर्थात संस्थेने दिलेली वाहनदानाची पोच. वजावट ५०० डॉलरपेक्षा जास्त असेल तर तो विवरणपत्राला जोडावाच लागतो, शिवाय वस्तूंच्या दानासाठीचा फॉर्म ८२८३ भरावा लागतो. संस्थेने १०९८-सी गाडी विकल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. वर सांगितलेल्या तीन प्रसंगांपैकी एखादा लागू असेल तर दान दिल्यापासून ३० दिवसांत. त्यावर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर असणे आवश्यक आहे. अनेकजण फोनवर नंबर द्यायला नकार देतात आणि ते योग्यही आहे. पण मग संस्थेचा फोन नंबर स्वतः शोधून, स्वतः फोन करून आपला नंबर द्यावा, कारण नंबराशिवाय आलेल्या पत्रावर ५०० डॉलरच्या वरची वजावट टिकत नाही. आणि वजावट ज्या वर्षी गाडी दिली त्या वर्षाची. डिसेंबरच्या २९ तारखेला दिलेली गाडी फेब्रुवारीत लिलावात गेली, तरी वजावट आदल्याच वर्षात बसते. १५ एप्रिलपर्यंत फॉर्म हाती आला नाही, तर मुदतवाढ घ्यावी किंवा गाडीशिवाय विवरणपत्र भरून नंतर ते दुरुस्त करावे. अंदाजाने आकडा टाकू नये.

शेवटची एक गोष्ट कराशी संबंधित नाही, पण ती मी कधी वगळत नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील दोषामुळे अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅग परत बोलावल्या गेल्या, आणि २००१ ते २०११ दरम्यानच्या अनेक सिव्हिक त्यांत आहेत. स्फोटक भाग वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा खाऊन अस्थिर होतो आणि अपघाताच्या वेळी धातूचे तुकडे प्रवाशावर उडतात. अशा स्फोटांत माणसे मेली आहेत. दुरुस्ती डीलरकडे फुकट होते. गाडीचा १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, चालकाच्या बाजूच्या डॅशबोर्डवर काचेतून दिसतो. तो एनएचटीएसए या केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. तुमची गाडी संस्थेकडे जावो, एखाद्या कुटुंबाकडे जावो किंवा तुम्ही ती शेजाऱ्याच्या मुलाला विका, ही दुरुस्ती झाली असल्याची खात्री करूनच ती द्या.

तुमच्या बाबतीत मी असे करीन: आधी तुमच्या भागात गरजू कुटुंबांना गाड्या देणारी एखादी संस्था आहे का ते पाहीन आणि ती तुमची सिव्हिक कुटुंबासाठी घेणार असेल, तर तिथेच देईन. ती नाही म्हणाली, तर गाडी स्वतः विकून रक्कम चेकने देईन. आणि शनिवारच्या फोनांचा कंटाळा असेल, तर ज्या संस्थेचे काम तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे तिला गाडी देऊन, वजावटीच्या रकान्यात ५०० येतील असे धरून चालेन.